शब्दाचे सांधे

इंग्रजी वर्णमालेतली पहिली सहा अक्षरं घ्या: ए, बी, सी, डी, ई, एफ. ही सहाही ज्याच्या स्पेलिंगमध्ये आहेत असा एक शब्द सांगायचा आहे. क्रम कसाही चालेल, मधे दुसरी अक्षरं आली तरी चालतील, पण सहापैकी एकही सुटता कामा नये.

उत्तर आहे 'फीडबॅक'. एफ, ई, ई, डी, बी, ए, सी, के. जादा आहेत ते फक्त एक ई आणि शेवटचा के. हॉटेलच्या बिलापासून शाळेच्या पालकसभेपर्यंत हा शब्द रोज भेटतो, तरी त्यात वर्णमालेचा हा तुकडा दडलेला आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं कारण शब्दसंग्रह तोकडा असणं हे नाही. शब्द आपल्या डोक्यात आवाजाच्या आणि अर्थाच्या धाग्याने राहतात. 'फ'ने सुरू होणारे शब्द विचारले तर पटापट आठवतात, जेवणाशी संबंधित विचारले तरी आठवतात. 'ज्यात बी आणि एफ दोन्ही आहेत' असा कप्पा मात्र कुणाच्याच स्मरणात नसतो. तो नव्याने तयार करावा लागतो, आणि कसा करायचा याच्या युक्त्या फार सुंदर आहेत. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, तेव्हा शेजारी कागद-पेन्सिल ठेवून स्पेलिंग लिहीत वाचावं.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. 'या अक्षरांतून शब्द करा' आणि 'ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द शोधा' हे प्रश्न सारखे वाटले तरी त्यांच्या दिशा उलट आहेत. पहिल्यात दिलेल्या अक्षरांबाहेर जाता येत नाही. ब्रिटनमधला 'काउंटडाउन' हा टीव्हीवरचा कार्यक्रम याच प्रश्नावर उभा आहे. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनेल फोर ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर सर्वांत आधी दिसलेला कार्यक्रम हाच. स्पर्धक फक्त 'स्वर' किंवा 'व्यंजन' एवढंच सांगतो, नऊ अक्षरं समोर लागतात आणि त्यांतून सर्वांत लांब शब्द ३० सेकंदांत काढायचा असतो. कल्पना मूळची फ्रेंच. आर्मां जामो यांनी १९६५मध्ये सुरू केलेल्या तिथल्या कार्यक्रमाचं नावच 'सर्वांत लांब शब्द' असं होतं.

दुसऱ्या प्रश्नात दिलेली अक्षरं ही किमान अट असते. बाकी शब्द हवा तेवढा वाढू द्यायचा. पाचही स्वर असलेला शब्द म्हणून 'एज्युकेशन' शाळेतच कुणीतरी सांगितलेला असतो. 'इक्वेशन', 'डायलॉग' आणि भाजीतला 'कॉलीफ्लॉवर' हेही त्याच पंगतीतले. पाच स्वर वर्णमालेच्या क्रमाने हवेत अशी अट घातली की यादी आखडते. 'फसीशस' म्हणजे थट्टेखोर आणि 'अॅब्स्टीमियस' म्हणजे मिताहारी, हे तिथले प्रसिद्ध मानकरी. उलट क्रमाने, म्हणजे यू, ओ, आय, ई, ए असे स्वर हवे असतील तर 'सबकॉन्टिनेन्टल' लिहून पाहा. आपल्या उपखंडाचं हे विशेषण त्या अटीत चपखल बसतं.

स्वरांची अट ऐकायला कडक वाटते, पण तिने शोध फारसा आवरत नाही, कारण स्वर सगळीकडेच असतात. शोध आवरतो दुर्मीळ अक्षरांनी. मग दुर्मीळ कोणतं आणि मुबलक कोणतं, हे मोजावं लागतं. ही मोजणी खेळासाठी सुरू झाली नाही. १८३०च्या दशकाच्या अखेरीस तारायंत्राची सांकेतिक लिपी आकार घेत होती. तेव्हा सॅम्युअल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन गावच्या छापखान्यात गेले आणि तिथे कोणत्या अक्षराचे किती खिळे ठेवतात ते त्यांनी पाहिलं, असं सांगतात. जुळाऱ्याला रोज जे अक्षर जास्त लागतं त्याचे खिळे जास्त, हे उघडच आहे. मोर्स लिपीच्या इतिहासात येणारे आकडे असे: ईचे १२,०००, टीचे ९,०००, आणि झेडचे फक्त २००. म्हणून ईची खूण एक टिंब आणि टीची एक रेघ ठरली. तारा पाठवणाऱ्याचे हात वाचवण्यासाठी केलेली ही मोजणी पुढे शब्दखेळांचा पाया झाली.

शंभर वर्षांनी जागतिक मंदीत काम गेलेले न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर बसून पुन्हा अक्षरं मोजली. त्यातून आलेल्या खेळाला १९४८मध्ये 'स्क्रॅबल' हे नाव मिळालं. शंभर सोंगट्यांत ईच्या बारा, गुण एकेक. क्यू आणि झेडची एकेकच सोंगटी, गुण दहा. एस हे अक्षर इंग्रजीत भरपूर येत असूनही त्याच्या चारच सोंगट्या ठेवल्या, कारण कुठल्याही नामाला एस लावून अनेकवचन करता आलं की खेळाचा कस जातो. बट्स यांनी भाषा मोजली आणि मग खेळासाठी ती जाणूनबुजून थोडी वाकवली. मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

तर पहिली युक्ती ही: अक्षरांचा ढीग समोर आला की त्यातलं सर्वांत दुर्मीळ अक्षर आधी उचलायचं. क्यू असेल तर यू जवळपास ठरलेलाच. जे आणि व्ही ही अक्षरं इंग्रजी शब्दाच्या शेवटी जवळजवळ येतच नाहीत. एक्स बऱ्याचदा ईच्या पाठोपाठ येतो. दोन दुर्मीळ अक्षरं एकत्र मागितली तर उमेदवार बोटांवर मोजण्याइतके उरतात. जे आणि क्यू दोन्ही हवेत? सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्राने विणतात ते 'जॅकार्ड' आठवावं. स्पेलिंग जे, ए, सी, क्यू, यू, ए, आर, डी. क्यू आणि एक्स हवेत? 'एक्झ्क्विझिट' किंवा 'क्विक्झॉटिक'. जे आणि एक्स? 'ज्यूकबॉक्स'. स्क्रॅबलमध्ये एकाच खेळीत सर्वाधिक गुण मिळवल्याचा गाजलेला विक्रम १९८२ साली मँचेस्टरला झाला. 'कझीक्स' या आठ अक्षरी शब्दाला ३९२ गुण पडले, आणि त्यात क्यू आणि झेड दोघंही होते. कझीक म्हणजे वेस्ट इंडीज बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा प्रमुख.

दुर्मीळ अक्षरच नसेल तर? मग दुसरी युक्ती, आणि लांब शब्दांसाठी खरी कामाची हीच. इंग्रजीतले लांब शब्द बहुधा जोडून केलेले असतात: पुढे 'अन', 'री', 'डिस', 'ओव्हर', मागे 'इंग', 'नेस', 'मेंट', 'एबल', 'शन'. लंडनच्या जॉन वॉकर यांनी १७७५मध्ये शब्दांच्या शेवटांप्रमाणे लावलेला कोश काढला. यमकं जुळवणाऱ्यांसाठी होता, पण त्यात सारखे प्रत्यय आपोआप एका जागी आले. शब्द शोधणाऱ्यानेही तेच करायचं असतं. उदाहरणार्थ ही आठ अक्षरं: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. आय, एन, जी दिसले की 'इंग' बाजूला काढायचा. उरले ए, ई, एल, आर, टी. त्यांतून 'अलर्ट' होतो, 'ऑल्टर' होतो, आणि शेवटचा ई गाळलेला 'रिलेट'ही बसतो. 'इंग' परत लावला की 'अलर्टिंग', 'ऑल्टरिंग', 'रिलेटिंग' असे तीन शब्द आठही अक्षरं वापरून तयार. पण 'इंग'वर अडून बसलात तर दोन मोहरे निसटतात. टी, आर, आय हे तुकड्याचं डोकं मानून पाहा: 'ट्रायअँगल'. ए, एल हे शेपूट मानून पाहा: 'इंटिग्रल'. त्रिकोण आणि संकलन एकाच अक्षरसंचातून निघतात, पण वेगळ्या ठिकाणी कापल्यावर.

दिलेली अक्षरं शब्दात सलग हवीत, अशी अट आली तर सांध्यांचं महत्त्व आणखी वाढतं. आर, एस, टी, यू सलग येणारा शब्द शोधताना एका मूळ शब्दात ते सापडत नाहीत. पण 'अंडर' आरवर संपतो, 'स्टडी' एसटीयूने सुरू होतो, आणि मुख्य नटाची भूमिका शिकून ठेवणाऱ्या बदली नटाला म्हणतात 'अंडरस्टडी'. 'कॅचफ्रेझ'मध्ये टी, सी, एच, पी, एच, आर अशी सहा व्यंजनं ओळीने उभी आहेत. पहिली तीन 'कॅच'ची, पुढची तीन 'फ्रेझ'ची. एक्स, वाय, झेड सलग हवेत हे तर अशक्य वाटतं. पण अंगावर खाज आली की डॉक्टर जी औषधं देतात त्यांत 'हायड्रॉक्सिझिन' आहे. रसायनशास्त्रातला 'हायड्रॉक्सी' आणि 'पिपरॅझिन'चं शेपूट जोडताना वर्णमालेची शेवटची तीन अक्षरं तिथे शेजारी आली. आणि आपला 'फीडबॅक'? 'फीड' आणि 'बॅक'. डी आणि बी ही अक्षरं सांध्यावरच भेटली. एकसंध शब्दाच्या अंगी भाषेचा स्वाभाविक वळसा असतो. जोडशब्दात दोन वळसे एकमेकांवर आदळतात आणि एरवी न भेटणारी अक्षरं भेटतात. विचित्र अट आली की सांध्याकडे बघावं, हे मला या साऱ्या शास्त्राचं सार वाटतं.

आता यंत्राकडे वळू. संगणकाला वळसा कळत नाही, पण त्याला मोजता येतं आणि लावता येतं. शब्दातली अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली की त्या शब्दाची एक सही तयार होते. 'लिसन' आणि 'सायलेंट' या दोघांची सही एकच: ई, आय, एल, एन, एस, टी. कोशातल्या प्रत्येक शब्दाची सही काढून सह्यांप्रमाणे यादी लावली की एकाच अक्षरसंचाचे सगळे शब्द शेजारी येऊन बसतात. बेल प्रयोगशाळेतले जॉन बेंटली यांनी 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या १९८६च्या पुस्तकात ही युक्ती इतक्या नेमकेपणाने मांडली की संगणकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. त्याच प्रयोगशाळेतल्या केन थॉम्प्सन यांनी १९७३च्या सुमाराला 'ग्रेप' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. विशिष्ट अक्षररचना असलेल्या ओळी यादीतून वेचून देणं एवढंच त्याचं काम. युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर वेबस्टरच्या १९३४च्या कोशातून घेतलेली सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची यादीही फिरू लागली, आणि या दोन गोष्टी हाती आल्यावर शब्दशोधकांचं वर्षांचं काम मिनिटांवर आलं. तिथलेच संख्याशास्त्रज्ञ रॉस एक्लर १९७०पासून २००६पर्यंत 'वर्ड वेज' या शब्दक्रीडेच्या त्रैमासिकाचे संपादक होते. ते त्रैमासिक निघायचं मॉरिसटाउनमधून, म्हणजे व्हेल यांनी खिळे पाहिले त्याच गावातून.

सही पहिल्या प्रश्नाला उत्तम. दुसऱ्याला, म्हणजे 'ही अक्षरं कुठे सामावली आहेत' याला, दुसरी वाट लागते. सर्वांत झटपट वाट २६ खान्यांची: प्रत्येक शब्दासाठी २६ शून्यांची ओळ, आणि जे अक्षर शब्दात आहे त्याच्या खान्यात एक. ही ओळ ३२ बिटांच्या एका संख्येत मावते, आणि दिलेली अक्षरं शब्दात आहेत की नाहीत हे यंत्र एका पायरीत सांगतं. अक्षर किती वेळा आलं, हे मात्र त्यात विसरलं जातं.

ते विसरू नये यासाठीची वाट मला फार आवडते, कारण ती शाळेतल्या गणितातून जाते. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या: ए म्हणजे २, बी ३, सी ५, डी ७, ई ११, एफ १३, असं करत झेड १०१. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. 'फेड' म्हणजे १३ × २ × ७ × ११, एकूण २,००२. बहिरा या अर्थाच्या 'डेफ'चाही गुणाकार तोच, कारण अक्षरं तीच. एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून दोन वेगळ्या अक्षरसंचांचा गुणाकार कधीच सारखा येणार नाही. आता आपला पहिला प्रश्न: पहिल्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार ३०,०३०. ज्या शब्दाच्या संख्येला ३०,०३०ने निःशेष भाग जातो तो आपलं उत्तर. 'फीडबॅक'ची संख्या १,०२,४०,२३०. भागून पाहा, भागाकार ३४१ येतो, म्हणजे ११ गुणिले ३१, म्हणजे उरलेले ई आणि के. 'बोल्डफेस्ड' या शब्दालाही ३०,०३०ने भाग जातो. शब्द शोधणं इथे भागाकार करण्याइतकं सोपं होतं. अडचण एकच, लांब शब्दांचे गुणाकार अफाट वाढतात. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे ईला २, टीला ३ अशा छोट्या संख्या देतात आणि झेडला १०१च ठेवतात. व्हेल यांनी टिंब-रेघांबाबत केलं तेच.

१९८८मध्ये अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणारा त्या काळचा अतिशय वेगवान प्रोग्रॅम मांडला, तेव्हा त्यांनी कोश साठवला एका जाळ्यात. सारखी सुरुवात असलेले शब्द जाळ्यात एकाच वाटेने निघतात आणि सारखा शेवट असलेले एकाच वाटेला येऊन मिळतात. 'इंग' तिथे हजारदा लिहावा लागत नाही. जागा वाचवण्यासाठी केलेली ही रचना, पण तीही इंग्रजी शब्दांच्या सांध्यांवरच येऊन ठेपली.

मराठीत हा खेळ वेगळ्या नियमांनी चालतो. आपल्या शब्दकोड्यात 'ज्ञानेश्वरी'ला चार चौकोन लागतात: ज्ञा, ने, श्व, री. संगणकाच्या युनिकोड सांकेतिकात मात्र हाच शब्द अकरा खुणांचा होतो, कारण हलन्त, काना, मात्रा, वेलांटी यांची नोंद सुटी होते. त्या अकरा खुणा क्रमाने लावल्या तर मात्रा व्यंजनापासून तुटते आणि सही निरर्थक होते. म्हणून मराठी शब्दांसाठी असा प्रोग्रॅम लिहायचा तर आधी शब्दाची अक्षरं पाडावी लागतात आणि मगच ती लावता येतात. मराठीच्या शब्दखेळांसाठी हे काम मनापासून करणारे लोक हवेत, कारण इंग्रजीची तयार साधनं इथे चालत नाहीत.

यंत्राची ही सही-पद्धत माणूसही वापरतो. स्क्रॅबलचे पट्टीचे खेळाडू हातातल्या सोंगट्या वर्णमालेच्या क्रमाने लावून बसतात आणि पाठांतरही तसंच करतात: अमुक सहीचे अमुक शब्द. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांचं नाव या खेळात सर्वांत वर आहे. २००७ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली आणि तिच्या अंतिम फेरीत मलेशियाच्या गणेश असिरवथम यांना ३-० हरवून ते पहिल्यांदा जगज्जेते झाले. २०१५मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. कुणाला वाटेल, अर्थ न कळता शब्द जाणणं हे कसलं जाणणं? मला त्यात भाषेचा अवमान दिसत नाही. शब्दाचा अर्थ जाणणारे कोट्यवधी आहेत; शब्दाची काया इतक्या बारकाईने पाहणारे फार थोडे.

राहिला प्रश्न 'शब्द' कशाला म्हणायचं हा. १९३५मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ज्वालामुखीच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारासाठी ४५ अक्षरी नाव रचलं. लांबी वाढवण्यासाठीच रचलेला हा शब्द वर्तमानपत्रात आला आणि पुढे मोठ्या कोशांतही शिरला. तो नियमात बसतो, पण माझ्या लेखी त्याची किंमत कमी, कारण लांबीसाठी हवे तेवढे तुकडे जोडणं कुणालाही जमतं. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा २९ अक्षरांचा शब्द त्याहून बरा. त्यात आय नऊ वेळा येतो आणि इंग्रजीतलं सर्वांत मुबलक अक्षर ई एकदाही येत नाही.

पण खरी कसोटी एकही अक्षर दोनदा न वापरता लांब जाण्याची. तिथे ४५ अक्षरांची स्वप्नं चालत नाहीत. वर्णमाला २६ची, त्यात वायसकट स्वर सहाच, आणि स्वर संपले की शब्द उच्चारता येत नाही. बोटांच्या ठशांच्या अभ्यासाला 'डर्मॅटोग्लिफिक्स' म्हणतात. पंधरा अक्षरं, सगळी वेगळी. दुसरा शब्द 'अनकॉपीराइटेबल', म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असं. यातही पंधरा अक्षरं वेगळी, आणि यू, ओ, वाय, आय, ए, ई हे सहाही स्वर एकेकदा वापरलेले. हा शब्द चार तुकड्यांचा आहे: 'अन', 'कॉपी', 'राइट', 'एबल'. चारही रोजचे, आणि चौघांत मिळून एकही अक्षर सामाईक नाही. सोळाव्यासाठी आता स्वर उरलेला नाही. मागे एखादं व्यंजनच लागू शकतं. शब्दशोधकांनी एस लावून अनेकवचन करून पाहिलं आहे. मात्र हे विशेषण आहे आणि इंग्रजीत विशेषणाला अनेकवचन नसतं, म्हणून तो सोळा अक्षरी शब्द धरायचा की नाही यावर त्यांचा वाद चालतो.